धुरीचं सँडविच

नगरच्या माणसाला नवीन काही खायला घालायचं म्हणजे आधी त्याची समजूत काढावी लागते. भेळ आहे, मिसळ आहे, वडापाव आहे, मग आणखी चौथं कशाला, हा त्याचा सरळ सवाल. त्यामुळे शुभांगी भिंगारदिवेनं कॉलेजच्या गेटबाहेर हातगाडी लावून 'चीज टोस्ट सँडविच' अशी पाटी टांगली, तेव्हा सुरुवातीला लोक पाटी वाचायचे आणि पुढं जायचे. एका म्हाताऱ्यानं तर काचेमागचा पिवळा ठोकळा बघून विचारलं, "बाई, हा कपड्याचा का अंगाचा?" त्याला तो साबण वाटला होता.

शुभांगी मूळची मिरजगावची. लग्न होऊन नगरला आली आणि भिंगारच्या कॅम्पात एका लष्करी साहेबांच्या बंगल्यावर कामाला लागली. तिथं मेमसाहेब रविवारी डब्यातलं चीज किसून पावात घालायच्या आणि तव्यावर भाजायच्या. एकदा त्यांनी शुभांगीला अर्धं दिलं. पहिल्या घासाला ती गप्प झाली, आणि तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, की शुभांगी गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हे. साहेबांची बदली झाली, बंगल्याचं काम सुटलं, पण ती चव काही तिच्या डोक्यातून सुटली नाही. तिनं जुनी गाडी घेतली, कोळशाची शेगडी बसवली, लांब दांड्याचे दोन लोखंडी टोस्टर आणले. पाव भिंगारच्या खाजाभाईंच्या बेकरीतला, हिरवी चटणी घरची, आणि वरून लसणाची लाल चटणी ही तिची स्वतःची अक्कल. हळूहळू पोरांना गोडी लागली. शेजारचा वडापाववाला सहादेव आधी हसायचा, मग हसेनासा झाला. गाडीवाल्यांच्या जगात यालाच नाव होणं म्हणतात.

दुखणं एकच होतं. गेटबाहेरच्या गाड्या उचलायला अतिक्रमणवाल्यांचा ट्रक यायचा. शुभांगीची गाडी दोनदा उचलून नेली होती. दुसऱ्यांदा सोडवायला गेली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "बाई, आता तिसऱ्यांदा आली तर गाडी विसरायची." शुभांगीचा नवरा नितीन एमआयडीसीत कामाला होता, पण कंपनीची तब्येत तोळामासा. गाडी गेली की घर उघड्यावर, हे दोघांनाही कळत होतं.

अशात कॉलेजनं ठरवलं, की गेटच्या आत लिंबाखालची जागा एका गाडीला कायमची द्यायची. आत आलं की ट्रकचं भय संपलं. गॅदरिंगचं सगळं बघणारे राधाकृष्ण सर गाडीवाल्यांना म्हणाले, "गॅदरिंगच्या आनंदमेळ्याला सगळ्यांनी आत या, गाड्या लावा. फक्त शाकाहारी, ही एकच अट. पोरं ज्याच्यापुढं रांग लावतील त्याची जागा. मी कुणाचं ऐकणार नाही आणि कुणाला सांगणार नाही."

सहादेवनं लगेच मिशीला पीळ दिला. "वहिनी, वड्यापुढं चीज म्हणजे हत्तीपुढं शेळी."

"शेळी दूध तर देती," शुभांगी म्हणाली. "तुमचा हत्ती काय देतो?"

बोलून मोकळी झाली, पण घरी येईपर्यंत तिचं अवसान गळालं होतं. कारण वडापावाला नगरमध्ये ओळख करून द्यावी लागत नाही.

तयारीत तिनं कसर ठेवली नाही. हाताशी होतं नव्हतं ते घालून भिंगारच्या दुकानातून चीजचे डबे आणले. मेळ्यात ऐन गर्दीत डबे फोडत बसायला नको म्हणून आदल्या दिवशीच सगळे फोडून ठेवले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढकलत कॉलेजवर पोचली, तर फळ्यावर लिहिलेलं, की संस्थेचे जुने विश्वस्त वारले, दुखवटा आहे, गॅदरिंग पुढं ढकललं आहे, नवी तारीख सोमवार.

आजचा वार गुरुवार. गाडीच्या दांड्याला धरून शुभांगी जागच्या जागी उभी राहिली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट वाटायला हवं, हे तिला समजत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं घरी परातीत उघडे पडलेले चीजचे गोळे होते, आणि घरात फ्रीज नव्हता.

बेकरीत सांगायला गेली तर खाजाभाई म्हणाले, "पावाचं सोड बेटा, भट्टी रोजच लागते. तुझ्या चीजचं बघ."

ते बघायला ती दिवसभर नगर पालथं घालत फिरली. आइस्क्रीमवाला म्हणाला, वास लागेल. डेअरीवाला म्हणाला, आमच्याच मालाला जागा नाही. शेवटी संध्याकाळी एका औषधांच्या दुकानदाराला दया आली. इंजेक्शनच्या फ्रीजचा खालचा खण त्यानं देऊ केला. शुभांगीला पंख फुटले. घरापर्यंत ती जवळजवळ पळतच आली.

दारातच तिला धुराचा वास आला. पडवीतल्या चुलीत बाभळीचे ढलपे आणि तुराट्या धुमसत होत्या. जाळ नव्हता, नुसता धूर. चुलीच्या वर बरंच उंच, आढ्याच्या दोरीला, जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून चीजचे सगळे गोळे लटकत होते. खाली भागिरथीबाई, तिच्या सासूबाई, हातपंख्यानं धूर सारखा करत बसल्या होत्या. बाळंतिणीला शेक-धुरी देताना बाई जशी मन लावून बसते, तशा.

"आत्या!" शुभांगी ओरडली. सासूला ती आत्याच म्हणायची. "काय केलंत हे?"

"टिकावं म्हून टांगलं," भागिरथीबाई शांतपणे म्हणाल्या. "उघडं पडलं हुतं. न्हाई तर नासलं असतं. सोमवारपत्तुर कायबी हुत न्हाई आता त्याला."

शुभांगीनं एक फडकं सोडलं. पिवळाधमक गोळा तपकिरी पडला होता. वरून तेल सुटलेलं, कातडं धरलेलं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. रडता रडता नको ते बोलली. "कुणी सांगितलं हुतं तुमाला? हे काय मटन हाय का टांगायला?"

"आमची आई चान्या टांगायची तसंच टांगलं," म्हातारी म्हणाली. "मी ल्हान हुते, पर तवा बघितलेलं हात इसरत न्हाईत."

"ते नाव काढू नका!" शुभांगीनं दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. "चान्या म्हनं. सोडलं ना आपण ते? मग पुन्हा तोंडात कशाला आणायचं?"

भागिरथीबाई पंखा खाली ठेवून आत गेल्या.

नितीन कामावरून आला तेव्हा घरात दोन बायका दोन कोपऱ्यांत होत्या आणि चुलीवर भाजीचा पत्ता नव्हता. भुकेल्या माणसाला भांडणाचं मूळ शोधायला वेळ नसतो. त्यानं दुरडीतली बाजरीची भाकरी घेतली, समोर पडलेल्या तपकिरी गोळ्याचा तुकडा कापला, निखाऱ्यावर धरला आणि खाल्ला. मग दुसरा कापला. मग तिसरा.

"शुभे," तो तोंड भरलेलंच ठेवून म्हणाला, "हे तू रोज का करत न्हाईस गं?"

तिनं रागानंच तुकडा तोंडात टाकला. आधी धूर आला, मग मीठ, मग चीजची ती जुनी ओळखीची गोडी. पण आता तिला बूड होतं, ठाव होता. मेमसाहेबांच्या रविवारी जशी गप्प झाली होती तशी ती पुन्हा गप्प झाली. आत जाऊन तिनं सासूबाईंपुढं ताट ठेवलं. माफी मागायची तिची ती रीत होती, आणि म्हातारीनं भाकरी मोडली, ही माफ करायची तिची.

सोमवारी आनंदमेळा लागला. सहादेवच्या कढईपुढं सकाळपासून गर्दी. शुभांगीपुढं नेहमीची चार पोरं. पण त्या चौघांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडं बघितलं. त्यातला एक धावत जाऊन मित्रांना घेऊन आला. मित्रांनी मैत्रिणी आणल्या. टोस्टर उघडला की धुराचा आणि भाजल्या पावाचा वास मैदानभर जायचा, आणि वास गेला की माणसं यायची. बघता बघता रांग लिंबाला वळसा घालून गेली.

"ताई, याची चव वेगळीच आहे. काय घातलंय?" एका मुलीनं विचारलं.

शुभांगीच्या जिभेवर एक शब्द आला आणि तिनं तो गिळला. "विलायती पद्धत हाय," ती म्हणाली. "फॉरेनला असंच करतात."

झालं. 'फॉरेनचं सँडविच' म्हणून पोरांनी मेळाभर बोभाटा केला. रांग आणखी वाढली. शुभांगी टोस्टर उलटत होती, हसत होती. भूल घातली खरी, पण फॉरेनला कोण गेलं होतं? तिची सासू अजून पुण्यालाही गेली नव्हती.

दुपारी रांगेतली एक मुलगी सँडविच नाकाशी नेऊन थबकली. "याला मटणासारखा वास येतोय," ती म्हणाली आणि प्लेट तशीच ठेवून निघून गेली. ती बोलली आपल्याशीच, पण अशा गोष्टीला पाय फुटतात. ह्यानं त्याला सांगितलं, त्यानं आणखी तिखटमीठ लावलं, आणि थोड्या वेळात राधाकृष्ण सर गाडीपुढं येऊन उभे राहिले. त्यांच्या मागं बघे.

"ताई, तक्रार आली आहे," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण काळजी होती. "शाकाहारी अट आहे. हा वास कसला ते मला सांगा. समाधान झालं नाही तर गाडी बंद करावी लागेल. माझा नाइलाज आहे."

रांग जिथल्या तिथं थांबली. सहादेवच्या झाऱ्यातले वडे तेल निथळत तसेच राहिले. शुभांगी विलायती म्हणून एकदा सांगून बसली होती. आता पुन्हा तेच सांगितलं तर विचारतील, विलायतेत कुठं?

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत भागिरथीबाई आल्या. उरलेले गोळे शेवटची धुरी देऊन आणायचं त्यांच्याकडं होतं. डोक्यावरची पाटी त्यांनी गाडीवर उतरवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"आजी, हे तुम्ही केलंय का?" सरांनी विचारलं.

"व्हय. मीच केलंय. चुलीवर टांगून धुरी दिलीय. बाभळीची अन् तुराट्यांची. दुसरं कायबी न्हाई त्यात."

"हे कुठं शिकलात?"

भागिरथीबाईंनी सरांकडं बघितलं. मग सुनेकडं बघितलं. सुनेचा पांढरा पडलेला चेहरा बघितला, लांबवर गेलेली रांग बघितली, लिंबाखालची जागा बघितली. चुलीपुढं झालेलं बोलणं त्यांना आठवलं असणार. "गावाकडं करत्यात असंच," त्या खाली बघून म्हणाल्या. "जुनी रीत हाय. इशेष काय न्हाई."

बास, एवढ्यावर सुटका होती. सरांनी मान डोलवायला सुरुवातही केली होती. पण ती सत्तरीला टेकलेली बाई, आयुष्यात कुणाच्या बापाला न भ्यालेली, आपल्यासाठी मान खाली घालून उभी आहे, हे शुभांगीला बघवेना. तिच्या आत काहीतरी तट्कन तुटलं. तिनं टोस्टर शेगडीवरून खाली ठेवला.

"सर, आत्या अर्धंच सांगत्यात," ती म्हणाली. "पुरं मी सांगते. आमच्या लोकांना पूर्वी गावातलं मेलेलं ढोर ओढायला लावायचे. पोटाला दुसरं न्हाई, म्हणून तेच खायला लागायचं. एका दिवसात सरायचं न्हाई अन् पुन्हा कधी मिळंल ते ठाऊक नसायचं. मग पट्ट्या कापून वाळवायच्या, पावसाळ्यात चुलीवर टांगायच्या. त्याला चान्या म्हणतात. बाबासाहेबांनी सांगितलं, ते सोडलं. मी तर कधी बघितलंबी न्हाई. पण नासायला लागलेलं अन्न वाचवायचं कसं, हे आत्यांच्या हाताला ठाऊक हाय. तेवढंच ह्या चीजमधी हाय. मांसाचा कण न्हाई. अन् सकाळपासून मी विलायती म्हणून सांगतेय ते खोटं हाय. मला लाज वाटली. आता न्हाई वाटत."

रांगेतले दोघं-तिघं बाहेर पडले आणि चालू लागले. त्यांच्या पाठी शुभांगीनं बघितल्या. वाईट वाटलं, नाही असं नाही. गेले ते गेले.

मग रांगेच्या पार शेवटून आवाज आला. "माझा नंबर घालवू नका कुणी, पण मला बोलायचंय." आपली जागा वहीनं राखून एक मुलगी पुढं आली. "मी तिसगावची. होस्टेलला राहते. माझी आजीबी हे सांगती, पण आमच्या घरात कुजबुजत सांगत्यात, आजूबाजूला कुणी न्हाई बघून. एवढ्या लोकांत मोठ्यानं सांगितलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं." तिनं मागं वळून आपली वही जागेवर आहे का बघितलं. "मला दोन द्या ताई. नंबर आला की."

आणि ती परत जाऊन आपल्या वहीमागं उभी राहिली. तिच्या मागं आणखी पोरी येऊन लागल्या. बघ्यांतले निम्मे बघायचं सोडून रांगेत घुसले. प्लेट ठेवून गेलेली ती मगाची मुलगी तोंड चोरत परत आली. "यात मांस नाही ना, नक्की?"

"बाभळीला मांस असतंय का गं?" भागिरथीबाई म्हणाल्या.

"मग माझं राहिलेलं द्या ना."

"गार झालंय ते. नवं देते," शुभांगी म्हणाली आणि तिला एकदम हसू फुटलं. डोळ्यांतलं पाणी आणि हसू एकाच वेळी आलं, आणि तिनं दोन्ही पुसलं नाही.

त्यानंतर जे झालं ते नगरच्या त्या कॉलेजात अजून सांगतात. पाव संपले तेव्हा खाजाभाई स्वतः सायकलला पाट्या बांधून घेऊन आले. नितीन रजा टाकून आला आणि कोळसे फुंकत बसला. रांग लिंबाला दोन वळसे घालून स्टेजपर्यंत गेली, तेव्हा सहादेवनं कढईखालचा स्टोव्ह बंद केला, हात पुसले आणि येऊन गाडीला टेकला.

"वहिनी, हत्ती बसला," तो म्हणाला. "एक द्या मलाबी. लसूण जास्त."

"रांगेत या, भावजी."

"आता वड्यावाल्यानं रांगेत उभं ऱ्हायचं?" तो कुरकुरला. पण गेला.

राधाकृष्ण सरांनी स्टेजवरून जाहीर केलं तेव्हा लांब भाषण केलं नाही. "लिंबाखालची जागा भिंगारदिवे ताईंची," एवढंच म्हणाले. मैदानानं जो ओरडा केला त्यानं लिंबावरचे कावळे उडाले. शुभांगी टोस्टर हातात धरून उभी होती. आता तिची गाडी कुणाच्या बापाला उचलता येणार नव्हती. ऊर भरून येणं काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

तिला पहिली आठवण सासूबाईंची झाली. ज्यांच्या हातानं हे सगळं झालं त्यांनी अजून एक घासही खाल्ला नव्हता. तिनं घाईघाईनं सगळ्यात खरपूस सँडविच काढलं, ताटलीत ठेवलं. "आत्या, धरा. बसा हितं."

पण आत्या गाडीजवळ नव्हत्या. शुभांगीनं मान उंच करून बघितलं. रांगेत, अगदी मधोमध, भागिरथीबाई उभ्या होत्या. पुढं एक प्राध्यापक, मागं पोरापोरींची गर्दी, खांद्याला खांदा लागलेला.

"आजी, तुम्ही पुढं जा ना," प्राध्यापक म्हणत होते. "तुम्हाला कशाला रांग?"

"राहू द्या," म्हातारी म्हणाली. "आमी ल्हान हुतो तवा लोकं पाणी भरायची अन् आमी लांब हुबं ऱ्हायचो. कुनीतरी वरून वतलं तर आमचं भरायचं. आमाला रांग कवा दिलीच न्हाई कुनी. आता मला हुबं ऱ्हायचंय."

प्राध्यापक पुन्हा आपल्या जागी उभे राहिले. रांग पुढं सरकली की भागिरथीबाई एक पाऊल सरकायच्या, थांबायच्या, इकडंतिकडं बघायच्या. त्यांना मुळीच घाई नव्हती. शुभांगीनं ताटलीतलं सँडविच पुढच्या पोराला देऊन टाकलं आणि सासूबाईंचा नंबर यायची वाट बघत एकामागून एक टोस्टर उलटत राहिली.

शेवटी त्या गाडीपुढं आल्या. पदर सारखा केला. सुनेकडं अनोळखी गिऱ्हाइकासारखं बघितलं.

"काय देऊ, आजी?" शुभांगीनं विचारलं.

"एक धुरीचं दे," भागिरथीबाई म्हणाल्या. "अन् लौकर दे बाई, माझ्या मागं लई लोकं हायेत."